हार्टचा त्रास आहे आणि दिवस गेलेत? मग हे बघा
लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, कुणी व्हॉल्व्ह (हृदयातली झडप) खराब म्हणलेलं असेल तर दिवस राहायच्या आधीच इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, आणि राहिले असले तरी करा, इकोनं बाळाला काय होत नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्के वाढतंय, त्यामुळं आधी ठणठणीत असलेली बाईबी सातव्या महिन्यात दमायला लागते.

गोळ्यांचं नीट ऐका. रक्त पातळ करायची वॉरफरीन, नाहीतर बीपी-हार्टची एनालाप्रिल, रामिप्रिल चालू असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्या दिवशीच डॉक्टरला गाठा, पण मनानं बंद करू नका, बदललेल्या व्हॉल्व्हवर गुठळी बसली तर जिवावर बेततंय.

धाप सगळ्यांनाच लागते म्हणून सासूबाई सोडून देतात, पण सपाट झोपता येईना, रात्री दम कोंडून उठून बसावं लागतंय, खोकल्यातनं गुलाबी फेस येतोय, तर सरळ १०८ लावा. तायी कार्डावर (गरोदर बाईच्या नोंदीचं सरकारी कार्ड) हार्टचं ठळक लिहून घ्या. खानापूरच्या जंगलाकडल्या गावातल्यांनी तारीख जवळ आली की बेळगावात पाहुण्यांकडं येऊन राहावं, पावसात रस्त्याचा काय भरवसा? डिलिव्हरीनंतरचे दोन-तीन दिवसबी धोक्याचेच, घरी न्यायची घाई नको.