फ्रेंचचा 'अँपार्फे' मराठीच्या आधारानं कसा शिकावा

फ्रेंचच्या वर्गात भूतकाळ आधी 'पासे कोंपोझे'च्या रूपानं येतो. तो जरा हाताशी बसतोय तोवर 'अँपार्फे', म्हणजे चालू असलेल्या किंवा नेहमी होणाऱ्या गोष्टींचा भूतकाळ, येऊन उभा राहतो आणि मग प्रत्येक वाक्यापाशी अडायला होतं: इथे हा की तो? रूपं एका संध्याकाळी पाठ होतात, अडचण रूपांची नाहीच. वाक्य मराठीत सुचतं, आपण ते मनातल्या मनात इंग्रजीत नेतो आणि तिथून फ्रेंचमध्ये उतरवतो, घोटाळा होतो तो या वळशामुळे. इंग्रजीच्या साध्या भूतकाळात 'मी शाळेत गेलो' आणि 'मी शाळेत जायचो' ही दोन्ही वाक्यं बसू शकतात. फ्रेंचला मात्र हाच फरक हवा असतो आणि तो मराठीत व्यवस्थित शाबूत आहे. तेव्हा मधला मुक्काम गाळायचा.

आधी रूपं बनवू. उच्चार देवनागरीत लिहिलेत, ते जवळपासचे समजा. वहीत मात्र फ्रेंच स्पेलिंगच लिहा.

पहिली पायरी: मूळ शोधा

क्रियापदाचं वर्तमानकाळातलं 'नू'चं (म्हणजे 'आम्ही'चं) रूप घ्या आणि त्याच्या शेवटचं ओ-एन-एस काढून टाका. उरतं ते अँपार्फेचं मूळ. बोलणे म्हणजे 'पार्ले', त्याचं 'नू पार्लों', मूळ 'पार्ल'. संपवणे म्हणजे 'फिनीर', त्याचं 'नू फिनिसों', मूळ 'फिनिस'. पिणे म्हणजे 'ब्वार', त्याचं 'नू ब्यूव्हों', मूळ 'ब्यूव्ह'. घेणे म्हणजे 'प्राँद्र', त्याचं 'नू प्रनों', मूळ 'प्रन'. वर्तमानकाळात छळणारी बहुतेक सगळी अनियमित क्रियापदं इथे मुकाट्यानं नियमात येतात. अट एवढीच की 'नू'चं रूप पक्कं हवं. ते कच्चं असेल तर आधी वर्तमानकाळाची उजळणी करा. नुसती अँपार्फेची तक्ते-घोकंपट्टी करून काही हाती लागत नाही.

या नियमाला खरा अपवाद एकच, 'एत्र', म्हणजे असणे. त्याचं 'नू सोम' होतं, त्यातून काही निघत नाही. त्यामुळे मूळ 'एत' असं सरळ लक्षात ठेवायचं, पहिल्या ई या अक्षरावर उजवीकडे झुकणारी मात्रा देऊन. 'पाऊस पडतो' आणि 'पाहिजे' यांसारख्या क्रियापदांना 'नू'चं रूपच नसतं. त्यांची 'ईल प्लव्हे' आणि 'ईल फाले' ही रूपं तशीच पाठ करा.

दुसरी पायरी: प्रत्यय लावा

झ (मी): ए-आय-एस
त्यू (तू): ए-आय-एस
ईल, एल, ओं (तो, ती, आपण): ए-आय-टी
नू (आम्ही): आय-ओ-एन-एस
व्हू (तुम्ही): आय-ई-झेड
ईल, एल (ते, त्या): ए-आय-ई-एन-टी

सगळ्या क्रियापदांना हेच सहा. यातले चार कानाला एकच. झ पार्ले, त्यू पार्ले, ईल पार्ले, आणि अनेकवचनी ईलसुद्धा पार्ले. शेवटच्या ए-आय-ई-एन-टीमधली निम्मी अक्षरं नुसती कागदावर असतात, ती म्हणू नका. मुंबईकराला हे रूप वेगळं पाठ करायची गरजच नाही, उपनगरी गाडी 'विलेपार्ले' म्हणताना ते रोज पुकारते. फक्त शेवटचा 'ए' थोडा उघडा ठेवा, आपला 'ए' आणि 'ॲ' यांच्या मधला. वेगळे ऐकू येतात ते दोनच: 'नू पार्लियों' आणि 'व्हू पार्लिये'.

कानाची खरी परीक्षा 'झ पार्ले' आणि 'झे पार्ले' यांत. पहिलं अँपार्फे, दुसरं पासे कोंपोझे. घाईच्या बोलण्यात फरक उरतो तो सुरुवातीच्या 'झ' आणि 'झे'चा. ऐकताना लक्ष शेवटाकडे न देता तिथे द्या.

(जुनी फ्रेंच पुस्तकं चाळणाऱ्यांसाठी: या प्रत्ययांत पूर्वी ए-आयच्या जागी ओ-आय लिहीत. अठराव्या शतकातला लेखक व्होल्तेर यानं बदलाचा आग्रह धरला होता, पण फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशानं तो स्वीकारला १८३५ साली. म्हणून त्याआधीच्या छापील पानावर ओ-आय दिसलं तर ती छपाईची चूक नव्हे.)

स्पेलिंगच्या तीन खोड्या

खाणे म्हणजे 'मांझे'. त्यातल्या जीपुढे थेट ए हे अक्षर आलं तर उच्चार 'ग' होईल, म्हणून मध्ये ई घालतात. 'नू' आणि 'व्हू'चे प्रत्यय आयनं सुरू होतात, तिथे ही ई नको. सुरू करणे म्हणजे 'कोमांसे', तिथे हेच काम सीखालची शेपटी करते. चार रूपांत शेपटी, 'नू-व्हू'मध्ये साधी सी. तिसरी खोडी 'एत्यूदिये', म्हणजे अभ्यास करणे. मुळाच्या शेवटी आय, प्रत्ययाच्या सुरुवातीला आय, म्हणून 'नू' आणि 'व्हू'मध्ये दोन आय लागोपाठ लिहायचे. डोळ्यांना ते चुकल्यासारखं दिसतं, पण बरोबर तेच आहे. एक आय गाळलात तर तो वर्तमानकाळ होतो.

तिसरी पायरी: मराठी क्रियापदाचं शेपूट बघा

मराठी वाक्यात पुढीलपैकी काही असेल, तर बहुतेक वेळा अँपार्फे:

'-त होतो': मी वाचत होतो, 'झ लीझे'.
'-यचो' किंवा '-त असे': मी रोज वाचायचो. तरीही 'झ लीझे'. शाळेतल्या व्याकरणाचा अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ फ्रेंचमध्ये एकाच रूपात राहतात.
नुसतं 'होतं': घर मोठं होतं, गर्दी होती, मी लहान होतो. परीकथेतलं 'एके काळी' फ्रेंचमध्ये 'ईल एते-त्यून फ्वा' होतं, त्यातलं 'एते' हेच.

आणि 'मी वाचलं', 'ती आली', 'बस सुटली' असं काही घडून संपलं असेल, तर पासे कोंपोझे. शंका आली तर वाक्याला प्रश्न विचारा. 'मग काय झालं?' याचं ते उत्तर असेल तर पासे कोंपोझे. 'तेव्हा काय चाललं होतं, कसं होतं?' याचं असेल तर अँपार्फे. दोन्ही एकाच वाक्यात सुखानं नांदतात: 'झ दोर्मे काँ त्यू आ तेलेफोने', मी झोपलो होतो तेव्हा तू फोन केलास.

मराठी जिथे फसवते

आता वरच्याच वाक्यात बघा. मराठीत 'झोपलो होतो', म्हणजे पूर्ण भूतकाळ, आणि फ्रेंचमध्ये अँपार्फे! झोपणे, बसणे, भूक लागणे, कपडे घालणे या गोष्टी मराठी 'क्रिया पुरी झाली आणि तिची अवस्था टिकून आहे' अशा नजरेनं सांगते. फ्रेंच थेट अवस्थाच सांगते. 'मला भूक लागली होती' म्हणजे 'झाव्हे फँ'. 'त्यानं टोपी घातली होती' म्हणजे 'ईल पोर्ते अँ शापो'. इथे 'लागली होती' बघून पूर्ण भूतकाळाचं फ्रेंच रूप जुळवत बसलात तर वाक्य व्याकरणात बसेल, अर्थ भलताच होईल. ताळा सोपा आहे: वाक्य वर्तमानकाळात आणा. 'मला भूक लागलीय' हे आत्ता फ्रेंचमध्ये साध्या वर्तमानकाळात सांगतात ना? मग कालचं अँपार्फेत.

दुसरा चकवा याहून बारीक, आणि बरीच वर्षं फ्रेंच बोलणारेही त्यात सापडतात. 'आम्ही दहा वर्षं लियोंला राहत होतो.' मराठीला हे वाक्य खटकत नाही. फ्रेंचला खटकतं, कारण दहा वर्षं म्हटल्यावर काळाला कुंपण पडलं, गोष्ट मोजून संपली. इथे 'नूझाव्हों आबीते', म्हणजे पासे कोंपोझे. 'तीन वेळा', 'वीस मिनिटं', 'दुपारभर' यांनाही बहुधा हाच न्याय. मात्र 'दहा वर्षांपासून राहत होतो, तेवढ्यात बदली झाली' असं असेल, तर काळ त्या क्षणी उघडाच होता. 'दप्वी' (पासून) आलं की पुन्हा अँपार्फे.

चौथी पायरी: घडून गेलेलं नसतानाही

इथे मराठी अगदी शेजारी येऊन बसते. 'मला जरा विचारायचं होतं' असं आपण आत्ताच, समोरच्याला अदबीनं म्हणतो. फ्रेंच माणूसही 'झ व्हूले व्हू दमाँदे' म्हणतो, तोच भूतकाळ, तीच अदब. 'सिनेमाला गेलो तर?' या सूचनेला 'सी ओं-नाले ओ सिनेमा?' 'मी निघणारच होतो' याला 'आले' (जाणे) हे फ्रेंच क्रियापद वापरून 'झाले पार्तीर', आणि 'मी नुकताच पोचलो होतो' याला 'झ व्हने दारिव्हे'.

अटीच्या वाक्यात थोडं जपून. 'वेळ असता तर मी आलो असतो', हे आत्ताबद्दल म्हणायचं असेल तर 'सी'च्या (म्हणजे 'जर'च्या) बाजूला अँपार्फे (सी झाव्हे ल ताँ) आणि दुसऱ्या बाजूला संकेतार्थी रूप (झ व्हियँद्रे). त्या रूपालाही हेच सहा प्रत्यय लागतात, पण आधी एक 'र' असतो. म्हणून फ्रेंच मुलांना शाळेत सांगतात, 'ले सी नेम पा ले रे': 'सी'ला 'रे' आवडत नाही.

सरावासाठी एक उतारा

फ्रेंच करण्याआधी प्रत्येक क्रियापदावर नुसती 'अँ' किंवा 'पा' अशी खूण करा:

मी स्टेशनवर पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. फलाटावर गर्दी होती. बाकावर एक बाई झोपली होती. मला भूक लागली होती, म्हणून मी सँडविच घेतलं. पूर्वी तिथे एक म्हातारा पुस्तकं विकायचा. मी वीस मिनिटं त्याची वाट बघत होतो.

ताळा: पोचलो पा, पडत होता अँ, होती अँ, झोपली होती अँ, लागली होती अँ, घेतलं पा, विकायचा अँ. आणि शेवटचं 'वाट बघत होतो', शेपूट काहीही म्हणो, पा: 'झे आताँद्यू'. हे शेवटचं चुकलं असेल तर कुंपणाचा परिच्छेद पुन्हा वाचा आणि आपल्याच आयुष्यातली 'इतकी वर्षं', 'इतके महिने' असलेली पाच वाक्यं लिहून बघा.