पानाशिवाय झाड ओळखायचं कसं? वसंतात फुलणाऱ्या झाडाझुडपांसाठी

झाड ओळखायला पान लागतं, असं आपण धरून चालतो. पण पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं ऐन फुलण्याच्या दिवसांत, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, जवळजवळ निष्पर्ण असतात. मग सगळी भिस्त फुलांच्या रंगावर जाते आणि तोच दगा देतो, कारण पळस आणि सावर दोन्हींत क्वचित पिवळ्या फुलांची झाडंही सापडतात. म्हणून वर बघण्याआधी खाली बघा. ताजं पडलेलं फूल, मागच्या हंगामातली शेंग, वाळका पाला आणि समोरचं खोड एवढ्यावर बहुतेक झाडं ओळखता येतात. फांदी मोडावी लागत नाही.

पडलेलं फूल हातात घेतलं की आधी पाकळ्या एकसारख्या आहेत का ते पाहा. पाच जाड, मांसल, सारख्या पाकळ्या आणि मध्ये पन्नासाहून जास्त पुंकेसरांचा, म्हणजे टोकाला पराग असलेल्या तंतूंचा, झुपका असेल तर ती काटेसावर. पळस आणि पांगारा शेंगवर्गीय, त्यांच्या पाकळ्या लहानमोठ्या असतात. पळसाच्या फुलाची खालची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार, चांगली लांब. देठाजवळचा पेला, म्हणजे पाकळ्यांना बुडाशी धरणारं वाटीसारखं आवरण, काळपट आणि मखमली. बोट फिरवलं की ती लव जाणवते. पांगाऱ्यात मात्र एकच पाकळी लांबरुंद, बाकीच्या तिच्या बुडाशी आखूड, आणि पुंकेसर बाहेर डोकावतात. त्याचा पेला एका बाजूने म्यानासारखा उभा चिरलेला असतो. ही चीर दिसली की शंका उरत नाही.

पाला सापडला तरी जपून. पळसाला पानं तीन खरी, पण ती तीन म्हणजे एकाच पानाचे तीन भाग, पर्णिका, आणि पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात. अशा वेळी शेंग शोधा. पळसाची चपटी, टोकाला एकच बी. पांगाऱ्याची बियांच्या मधे आवळलेली, माळेसारखी. खोडही सांगतं: पळस वाकडातिकडा आणि बिनकाट्यांचा, पांगाऱ्याच्या फांद्यांवर लहान काळे काटे, सावर सरळसोट आणि तिच्या फांद्या एकाच उंचीवरून चहूबाजूंना आडव्या निघालेल्या. जुन्या सावरीच्या बुंध्यावरचे काटे झिजून जातात, तेव्हा वरच्या फांद्या तपासा. आणि पळसाची फुलं भलत्याच झाडाखाली पडली असतील तर वर पळसवेल चढलेली आहे का तेही बघा. तिची फुलं पळसासारखीच असतात.

कांचनात सगळा निकाल पुंकेसरांवर लागतो. पान आपट्यासारखं दुभंगलेलं, ते सर्वांचं सारखंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या कांचनाच्या पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, आणि पूर्ण वाढलेले पुंकेसर 5. देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद, सुट्या, पुंकेसर बहुधा 3, आणि बहर पावसाळा सरल्यावरचा. पुंकेसर झडून गेलेलं शिळं फूल मोजलं की हमखास चूक होते. त्यामुळे नुकतंच उमललेलं फूल निवडा आणि एकावर न थांबता चार-पाच मोजा.

पिवळ्यांत बहावा सोपा: लोंबते घोस, 10 पुंकेसरांपैकी 3 लांब आणि वळलेले, शेंग काळी, गोल दंडुक्यासारखी. सोनमोहोराचे तुरे वर उभे राहतात आणि शेंगा तांबूस, चपट्या असतात. निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना मोठी, पाच पाकळ्यांची पिवळी फुलं दिसली तर ती गणेरी.

झुडपांकडे लोक कमी लक्ष देतात, आणि खरी मजा तिथेच आहे. कड्याकपारीला, दरडीवर फांदीभर लालभडक नळ्या चिकटल्यासारख्या दिसल्या तर ती धायटी. तिचा लाल भाग पाकळ्यांचा नसून पेल्याचा असतो. चिवट, समोरासमोर पानं असलेल्या झुडपाच्या फांदीलाच निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे झुबके लगडले असतील तर अंजनी. कुड्यांत पांढऱ्या फुलाच्या मध्यभागी झालर आहे का ते पाहा. झालर असेल तर काळा कुडा, नसेल तर पांढरा. जोडशेंगांची टोकं कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतील तर तोही काळ्याचाच पुरावा. दोघांनाही पांढरा चीक येतो. तो हाताला लागला तर डोळे चोळू नका.

फोटो नुसत्या पाकळ्यांचा काढला की कोणालाच नाव सांगता येत नाही. फूल पुढून, मागून आणि उभं चिरून असे तीन फोटो घ्या. शिवाय साल, फांदी, शेंग आणि पूर्ण झाड. मापासाठी शेजारी नाणं ठेवा. पानाचा फोटो देठाच्या बुडापासून हवा, कारण पानाच्या बगलेत, म्हणजे देठ फांदीला मिळतो त्या कोपऱ्यात, कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. हे न तपासल्यामुळे एक पर्णिकाच आख्खं पान समजली जाते आणि पुढची सगळी ओळख चुकते. तरीही दोन नावांत अडकलात तर जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि पालवी पूर्ण फुटल्यावर त्याच झाडाकडे परत जा.