फाटकातला चेहरा आणि ३.६ची लेन्स

आयटीआय करून सीसीटीव्हीच्या कामाला लागलो तेव्हा लेन्स निवडायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. आत घुमटासारखा डोम कॅमेरा, बाहेर नळीसारखा बुलेट. डोमला २.८ एमएमची लेन्स, बुलेटला ३.६ची. होलसेलवाला देईल तो खोका फोडायचा आणि भिंतीवर चढवायचा. दोन वर्षं असंच चाललं. तक्रार कुणाची आली नाही, कारण तोवर माझ्या एकाही गिऱ्हाइकाकडे चोरी झाली नव्हती.

मग सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका गोदामातून रात्री हळदीची पोती गेली. चोर कॅमेऱ्यात आला होता, तोही कॅमेऱ्याकडे तोंड करून. शेठनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "हा बघ. कोण आहे ते सांग." मी झूम केलं. माणूस मोठा झाला, चेहऱ्याचे मात्र ठोकळे झाले.

"दोन मेगापिक्सेलचे म्हणून पैसे घेतलेस ना?"

कॅमेरा खरंच दोन मेगापिक्सेलचा होता. चूक माझी होती आणि ती कुठे झाली हे मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी अंतर मोजायची टेप घेऊन गेलो. कॅमेऱ्यापासून फाटक १४ मीटरवर. दोन मेगापिक्सेलच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२.८ इंची सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, असतो, त्याची रुंदी साधारण ५.४ मिलिमीटर. तिला अंतराने गुणायचं आणि लेन्सच्या एमएमने, म्हणजे तिच्या फोकल लेंग्थने, भागायचं, की तेवढ्या अंतरावर किती रुंद पट्टा दिसेल ते कळतं. ३.६च्या लेन्सला फाटकापाशी २१ मीटरचा पट्टा दिसत होता. चित्राचे आडवे १९२० पिक्सेल त्यावर पसरले, म्हणजे मीटरला ९१. माणसाचा चेहरा १५-१६ सेंटिमीटर रुंद, त्याच्या वाट्याला जेमतेम १४ पिक्सेल आले. एवढ्यात नाक-डोळे कुठून येणार? डिजिटल झूम नवे पिक्सेल आणत नाही, आहेत तेच ताणतो.

आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत याचे आकडे दिले होते. कुणीतरी आलंय एवढंच कळायला मीटरला २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखू यायला १२५, आणि कधीच न पाहिलेल्या माणसाची ओळख पटवायला २५०. त्यावरून मी एक ठोकताळा पाठ केलाय: दोन मेगापिक्सेलला, अनोळखी चेहऱ्यासाठी, लेन्सच्या एमएमच्या दीडपटीला जरा कमी इतकेच मीटर. २.८ला ४, ३.६ला ५, ६ला साडेआठ, १२ला १७. सेन्सर तेवढाच असून कॅमेरा चार मेगापिक्सेलचा असेल तर हे अंतर साधारण एक तृतीयांशाने वाढतं. २.८चं चित्र कडांना वाकतं, तिथे हे गणित थोडं चुकतं. पण शिडी लावण्याआधी अंदाज यायला एवढं पुरे.

गिऱ्हाईक नेहमी म्हणतं, "सगळं कव्हर झालं पाहिजे." मोबाइलवर अख्खं अंगण दिसलं की खूश होतं, आणि आपणही बिल करून मोकळे होतो. आता मी आधी विचारतो, "कोण, कुठे उभा असताना ओळखायचाय?" बहुतेकांना उत्तर द्यायला वेळ लागतो. गल्ला, फाटक, जिना अशा दोन-तीन जागा ठरल्या की टेप लावायची. लेन्सचं बोलणं त्यानंतर.

शेठच्या फाटकाला १२ एमएम लावली. पट्टा ६.३ मीटरचा झाला, ट्रक येतो ते पाच मीटरचं फाटक त्यात नीट बसलं आणि मीटरला ३०० पिक्सेल मिळाले. लांबून पाहण्याचा आणखी एक फायदा झाला. फाटकाच्याच खांबावर उंच कॅमेरा लावला असता तर माणसाच्या टोपीचा फोटो मिळाला असता. १४ मीटरवरून चेहरा बराचसा समोरून येतो.

शेठना मात्र ते चित्र पटेना. "अंगण कुठे गेलं?" त्यांचं खरंच होतं, १२ एमएमला कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर सव्वा मीटरच्या आसपास पट्टा दिसतो. म्हणून जुना ३.६ काढला नाही, अंगणावर तसाच ठेवला. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही बसवायचा खटाटोप नवीन पोरांनी करू नये. अंतराची खात्री नसेल तर २.८ ते १२चा व्हेरिफोकल घ्या, म्हणजे ज्याच्या लेन्सचे एमएम जागेवर कमी-जास्त करता येतात असा कॅमेरा. महाग पडतो, पण एकदा लावलेली फिक्स लेन्स बदलायला लागली तर गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेचे पैसे देत नाही.

व्हेरिफोकलचा एक त्रास मात्र मला उशिरा कळला. दुपारी फोकस काचेसारखा लावून आलो आणि रात्री फोन, "सगळं धूसर दिसतंय." रात्री कॅमेरा ज्यावर बघतो तो आयआरचा (इन्फ्रारेड) प्रकाश काही लेन्समध्ये वेगळ्या जागी फोकस होतो. तेव्हापासून अंधार पडल्यावर एक चक्कर मारतो. हेल्परला फाटकातून नेहमीच्या चालीने आत यायला सांगतो आणि लाइव्ह न बघता रेकॉर्डिंग लावून, चित्र थांबवून त्याचा चेहरा बघतो.