एका संगणकावर दोन मॉनिटर: जोडणी, मांडणी आणि रोजचा वापर

समोर मूळ मजकूर ठेवून दुसरीकडे लिहायचे, जुळवायचे किंवा तपासायचे, असे ज्यांचे काम असते त्यांना एका स्क्रीनवर सतत विंडो बदलाव्या लागतात. भाषांतरकार, मुद्रितशोधक, जीएसटीची बिले एक्सेलमध्ये उतरवणारे हिशेबनीस आणि प्रबंध लिहिणारे विद्यार्थी हे सगळे यातच येतात. अशा कामासाठी दुसरा मॉनिटर ही चैन नसून गरज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही सोय नवीही नाही. घरगुती वापराच्या विंडोजमध्ये ती विंडोज ९८ पासून आहे. मात्र केवळ केबल खोचून तिचा पुरेसा लाभ मिळत नाही. कोणत्या स्क्रीनवर काय राहील हे ठरवणे, आणि टेबलावरची मांडणी व संगणकाला सांगितलेली मांडणी तंतोतंत जुळवणे, ही दोन कामे केली तरच दुसरा मॉनिटर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

खरेदीपूर्वी संगणकाची मागची बाजू पाहावी

मॉनिटर घेण्याआधी संगणकाला कोणकोणती पोर्ट आहेत ते प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवावे. डेस्कटॉपच्या मागे मदरबोर्डची पोर्ट यूएसबीच्या जवळ असतात आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असल्यास त्याची पोर्ट त्यांच्यापासून अलग, बहुतेक कॅबिनेटमध्ये त्यांच्या खाली, दिसतात. असे कार्ड असेल तर दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडावेत. अनेक संगणकांत कार्ड बसवले की मदरबोर्डवरील व्हिडिओ पोर्ट आपोआप बंद होते, आणि मग एक मॉनिटर कार्डाला व दुसरा मदरबोर्डला जोडणारा माणूस तासभर केबलच बदलत बसतो. कार्ड नसेल आणि मदरबोर्डवर एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय व व्हीजीए अशी दोन पोर्ट असतील, तर कार्यालयीन कामासाठी तेवढे पुरते. त्यासाठी वेगळे कार्ड घेण्याची आवश्यकता नसते.

लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन हा एक मॉनिटर धरावा. त्यामुळे बाहेरचा एकच मॉनिटर जोडला तरी दोन स्क्रीन होतात, आणि बहुतेकांना हाच मार्ग सोयीचा व स्वस्त पडतो. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट नसून फक्त यूएसबी-सी असेल, तर ते पोर्ट चित्र बाहेर पाठवते का, याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. यूएसबी-सी हा केवळ पोर्टचा आकार आहे. काही पोर्टमधून फक्त चार्जिंग आणि फाइलींची देवाणघेवाण होते. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टच्या विजेचे चिन्ह असल्यास चिंता नाही. चिन्ह नसल्यास उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची माहिती वाचावी. मॅकबुक एअर वापरणाऱ्यांनी आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी. एम१ आणि एम२ चिपच्या एअरला अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो, एम३ च्या एअरला झाकण बंद ठेवल्यास दोन, आणि एम४ च्या एअरला झाकण उघडे ठेवूनही दोन जोडता येतात.

केबलच्या बाबतीत शक्य असेल तिथे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट वापरावे आणि व्हीजीए हा शेवटचा पर्याय मानावा. व्हीजीए १९८७ सालचे, अ‍ॅनालॉग पद्धतीचे आहे, आणि त्यातून येणारी अक्षरे किंचित पसरट दिसू शकतात. इंग्रजी मजकुरात हा दोष चटकन जाणवत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, वेलांटी आणि मात्रा यांची दाटी असते. ‘वर्षांत’ या शब्दातील रफारालगतचा अनुस्वार आहे की नाही, हे पसरट अक्षरांत सांगता येत नाही. मराठी मुद्रिते तपासणाऱ्याने म्हणूनच डिजिटल केबलचाच आग्रह धरावा.

दोन्ही टोकांची पोर्ट वेगळी असतील तर कन्व्हर्टर लागतो, आणि तो एकाच दिशेने चालतो. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलटी लावून चालत नाही. दुकानात मागताना संगणकाकडे कोणते पोर्ट आहे आणि मॉनिटरकडे कोणते, हे स्पष्ट सांगावे. एचडीएमआय स्प्लिटर मात्र या कामासाठी घेऊ नये. एका पोर्टमधून दोन मॉनिटर चालवायचे म्हटल्यावर अनेक विक्रेते तोच हातात ठेवतात, परंतु तो एकच चित्र दोन्हीकडे पाठवतो, स्वतंत्र दुसरी स्क्रीन देत नाही. पोर्ट खरोखरच एक असेल तर यूएसबीला जोडण्याचा डिस्प्लेलिंक प्रकारचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारे सॉफ्टवेअर, आठवणीने बसवावा. लेखन-वाचनासाठी तो उत्तम चालतो, वेगवान खेळांसाठी नाही.

जोडणी

केबल लावताना संगणक बंद ठेवणे सक्तीचे नाही, तरी डेस्कटॉप ओढून मागे हात घालायचा असेल तर तो बंद केलेला बरा. व्हीजीएचे दोन्ही स्क्रू हाताने घट्ट करावेत. अनेक डिस्प्लेपोर्ट केबलच्या टोकावर लहान खटका असतो. केबल काढताना तो दाबूनच ओढावी, नाहीतर पोर्ट कायमचे सैल होऊ शकते.

मॉनिटर सुरू केल्यावर ‘नो सिग्नल’ असे दिसले तर आधी मॉनिटरच्या बटणांतून इनपुट किंवा सोर्स तपासावा. मॉनिटरला दोन एचडीएमआय पोर्ट असतील आणि केबल दुसऱ्या पोर्टात असेल, तर तेथे ‘एचडीएमआय २’ निवडावे लागते. टीव्ही दुसरा मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांना चारही कडा कापलेल्या दिसतात. त्यासाठी टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन बंद करावा किंवा त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव द्यावे.

विंडोजमधील मांडणी

विंडोजचे चिन्ह असलेली की दाबून धरून पी दाबावे. चार पर्याय येतात: फक्त संगणकाची स्क्रीन, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि फक्त दुसरी स्क्रीन. आपल्याला एक्स्टेंड हवे. डुप्लिकेटमध्ये दोन्हीकडे तेच चित्र दिसते आणि ते प्रोजेक्टरसाठी योग्य असते.

यानंतर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडावे. तेथे १ आणि २ असे आकडे घातलेले दोन चौकोन दिसतात. ‘आयडेंटिफाय’ दाबल्यावर ते आकडे खऱ्या स्क्रीनवर उमटतात, म्हणजे कोणता चौकोन कोणाचा ते कळते. टेबलावर दुसरा मॉनिटर डावीकडे असेल तर त्याचा चौकोन माउसने ओढून डावीकडेच ठेवावा. ही पायरी फार लोक वगळतात. मग माउस डावीकडे नेला की कडेला अडतो आणि उजवीकडे नेला की डावीकडच्या मॉनिटरवर उगवतो, आणि दिवसभर हात व डोळे एकमेकांशी भांडत राहतात.

डावे-उजवे जुळल्यावर उंचीही जुळवावी. हे चौकोन सेंटिमीटरच्या नव्हे, पिक्सेलच्या हिशेबाने काढलेले असतात. १४ इंची लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर दोन्ही १९२० × १०८० रेझोल्यूशनचे असतील, तर सेटिंगमध्ये ते सारख्या आकाराचे दिसतात, जरी टेबलावर लॅपटॉप खूप लहान आणि खालच्या पातळीवर असला तरी. अशा वेळी लॅपटॉपचा चौकोन थोडा खाली सरकवावा, माउस एका स्क्रीनवरून दुसरीकडे नेऊन पाहावा, आणि उडी कमी होईपर्यंत पुन्हा सरकवावा. आकार वेगळे असल्याने ती पूर्णपणे जात नाही, परंतु ज्या पट्ट्यातून आपण सर्वाधिक ये-जा करतो तेथे ती नाहीशी करता येते. विंडोज ११ मध्ये ‘ईझ कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज’ हा पर्यायही सुरू ठेवावा, म्हणजे माउस कोपऱ्यात अडकत नाही.

जी स्क्रीन बसल्यावर नाकासमोर येते ती निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’ या पर्यायावर खूण करावी. रेझोल्यूशन प्रत्येक मॉनिटरसाठी ‘रेकमेंडेड’ लिहिलेलेच ठेवावे आणि अक्षरे लहान वाटल्यास रेझोल्यूशन न घटवता ‘स्केल’ वाढवावे, कारण रेझोल्यूशन घटवले की अक्षरे मोठी होतात पण धूसरही होतात. वर सांगितलेल्या जोडीत लॅपटॉपला १५० टक्के आणि २४ इंची मॉनिटरला १०० टक्के स्केल दिल्यास दोन्हीकडची अक्षरे जवळजवळ सारख्या मापाची दिसतात. ४के मॉनिटरवर माउस ओढल्यासारखा हळू वाटत असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा (हर्ट्झमध्ये), पाहावा. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र ३० हर्ट्झनेच जाते. ६० हर्ट्झसाठी दोन्ही बाजूंना एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागते.

मॅकवर हीच कामे सिस्टिम सेटिंग्जमधील डिस्प्लेज या विभागात ‘अरेंज’ दाबून होतात. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये सेटिंग्जच्या डिस्प्लेज विभागात ‘जॉइन’ निवडून प्रायमरी स्क्रीन ठरवावी.

एक स्क्रीन उभी करावी का?

वाचण्याचे काम अधिक असेल तर जरूर करावी. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. ए४ कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर. त्यात टास्कबार आणि पीडीएफ वाचकाच्या पट्ट्या जागा खातात, म्हणून आडव्या स्क्रीनवर संपूर्ण पान छापील मापापेक्षा लहानच दिसते. तोच मॉनिटर उभा केला की २१ सेंटिमीटर रुंदीच्या पानाला ३० सेंटिमीटर जागा मिळते, आणि पूर्ण पान मूळ मापाच्या जवळपास १४० टक्के इतके मोठे दिसते. पानाची वरची आणि खालची ओळ एका नजरेत, तीही मोठ्या अक्षरांत, असणे मुद्रितशोधनात फार मोलाचे असते, कारण परिच्छेदाचा तुटलेला शेवट किंवा पृष्ठक्रमांकातील गफलत तेव्हाच लक्षात येते.

त्यासाठी मॉनिटरचा स्टँड फिरणारा हवा. नसल्यास मागे चार भोकांची व्हेसा जागा, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची, आहे का ते पाहून मॉनिटर आर्म बसवता येतो. सेटिंगमध्ये ‘ओरिएन्टेशन’ पोर्ट्रेट करावे. चित्र उलटे आले तर ‘पोर्ट्रेट फ्लिप्ड’. उभा करण्यासाठी मॉनिटर घेताना आयपीएस पॅनेलचाच, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा, घ्यावा. टीएन पॅनेल उभा केल्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्याला रंग वेगळे भासतात.

रोजच्या वापरातील गोष्टी

विंडो माउसने ओढत नेण्यापेक्षा विंडोज की, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबावे, विंडो थेट दुसऱ्या मॉनिटरवर जाते. ही एकच कळयोजना हाताला बसली तरी कामाचा वेग बदलतो. एकाच एक्सेल फाइलमधील दोन शीट दोन मॉनिटरवर हवी असतील तर ‘व्ह्यू’मधून ‘न्यू विंडो’ घ्यावी. वर्डमध्येही तीच सोय आहे, आणि दीर्घ लेखाची संदर्भसूची एकीकडे उघडी ठेवून दुसरीकडे लिहिताना ती फार उपयोगी पडते. दोन्ही मॉनिटरवर टास्कबार हवा असल्यास टास्कबार सेटिंग्जमध्ये तो सुरू करता येतो.

ऑनलाइन बैठकीत संपूर्ण स्क्रीन दाखवण्याऐवजी नेमकी एक विंडो दाखवावी. दुसरा मॉनिटर आपला खाजगी असे गृहीत धरून तेथे बँकेचे पान किंवा पत्रव्यवहार उघडा ठेवला आणि चुकून तीच स्क्रीन सामायिक झाली, तर ते परत घेता येत नाही.

बसण्याच्या दृष्टीने ज्या स्क्रीनवर लेखन होते ती सरळ समोर आणि दुसरी तिला टेकून, थोडी आत वळवलेली असावी. दोन्हींचा वापर सारखाच असेल तरच दोघींची सांध नाकासमोर घ्यावी, अन्यथा मान दिवसभर एका बाजूला वळलेली राहते आणि खांदा दुखू लागतो. अंतर हातभर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. द्विकेंद्री चष्मा वापरणाऱ्यांनी स्क्रीन आणखी खाली घ्यावी. दोन्ही मॉनिटरची ब्राइटनेस सारखी करण्यासाठी दोन्हीकडे रिकामे पांढरे पान उघडावे आणि जो अधिक उजळ आहे त्याची कमी करावी. एक पांढरा निळसर आणि दुसरा पिवळसर दिसत असेल तर मॉनिटरच्या मेनूमध्ये कलर टेम्परेचर बदलून ते जवळ आणता येतात.

वीज वारंवार जाते अशा गावांत दोन्ही मॉनिटर यूपीएसच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटला लावावेत. २४ इंची एलईडी मॉनिटरला साधारण २० वॉट लागतात, त्यामुळे बॅटरीवर मोठा ताण येत नाही.

दुसरी स्क्रीन दिसेनाशी झाली तर

क्रमाने शोध घ्यावा. वीज, इनपुट आणि दोन्ही टोकांना बसलेली केबल पाहिल्यानंतर चालू असलेल्या मॉनिटरची केबल बंद मॉनिटरला लावावी. चित्र आले तर दोष बंद मॉनिटरला आधी लावलेल्या केबलमध्ये किंवा तिच्या पोर्टमध्ये आहे, न आल्यास मॉनिटरमध्ये. या एका अदलाबदलीने निम्मा प्रश्न सुटतो. तरीही संगणकाला मॉनिटर ओळखता येत नसेल तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘डिटेक्ट’ दाबावे, आणि विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट व बी एकत्र दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू करावा. स्क्रीन क्षणभर काळी होते, उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. त्यानेही न भागल्यास संगणकाच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा.

मॉनिटर काढून टाकल्यावर एखादा प्रोग्रॅम सुरू असूनही दिसत नसेल, तर त्याची विंडो काढलेल्या मॉनिटरच्या जागेवर राहिलेली असते. टास्कबारवरील त्याच्या चिन्हावर क्लिक करून विंडोज की, शिफ्ट आणि बाण दाबल्यास ती परत येते. न आल्यास ऑल्ट व स्पेस, नंतर एम दाबून कोणताही बाण एकदा दाबावा आणि माउस हलवावा. विंडो माउसला चिकटून समोर येते. रोज लॅपटॉप घरी नेणाऱ्यांनी विंडोज ११ मध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय सुरू करावा, म्हणजे सकाळी केबल लावताच कालच्या विंडो आपापल्या स्क्रीनवर जातात.