भुयारी गटार योजना आखताय? या चुका टाळा, आणि आधी संडास कुठल्या बाजूला आहे ते बघा

नगर परिषदांच्या पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली. आता लहान शहरांचे प्रकल्प अहवाल तपासण्यासाठी माझ्याकडे येतात. फाइल उघडली की पहिल्या पानांवर नकाशा, त्यावर गटारीच्या लाल रेषा, नदीकाठी शुद्धीकरण केंद्राचा चौकोन आणि मागे खर्चाचे गोषवारे. या सगळ्यात कुठेतरी एक ओळ असते : ‘घरजोडण्या नागरिकांनी स्वखर्चाने करून घ्यावयाच्या आहेत.’ घरजोडणी म्हणजे घरातला संडास रस्त्यातल्या गटारीला जोडणारा पाइप. ही ओळ दिसली की मी तिथेच लाल पेन्सिलने खूण करतो. एवढ्या वर्षांत बंद पडलेल्या ज्या योजना मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक या ओळीपाशीच बुडाल्या होत्या.

घरजोडणी ‘नंतर बघू’ म्हणून सोडणे

एका तालुक्याच्या गावची गोष्ट सांगतो. वस्ती पन्नास हजारांच्या जवळपास. हिशेब पुस्तकाप्रमाणे बरोबर होता : माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्याचे ८० टक्के सांडपाणी, म्हणजे दिवसाला ५४ लाख लिटर. त्या अंदाजाने केंद्र बांधले, मुख्य वाहिन्या टाकल्या, फीत कापली. दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या तोंडाशी, जाळीच्या चेंबरपाशी उभा होतो. चपलेचा तळ भिजेल एवढेच पाणी येत होते. शुद्धीकरणाचे काम जिवाणू करतात आणि मैला हेच त्यांचे अन्न. ते मिळेना, म्हणून नाल्यातले पाणी पंपाने उचलून केंद्रात टाकायची वेळ आली. इकडे गावातल्या उघड्या गटारी पूर्वीसारख्याच भरून वाहत होत्या.

कारण शोधायला आम्ही जुन्या गावठाणात गेलो. एका गल्लीत ६२ घरे, जोडण्या ९. एका घरात आजींनी आत बोलावले. पुढे ओटा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे परसात संडास. आमची गटार घरासमोरच्या रस्त्यातून गेलेली. म्हणजे जोडणीसाठी परसापासून ओट्यापर्यंत १४ मीटर शहाबादी फरशी उखडायची आणि पाइप न्यायचा तो देवघराला लागून. आजी शांतपणे म्हणाल्या, “बाळा, संडासाचं पाणी देवासमोरून न्यायचं होय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी टेपने पातळी बघितली. वर्षानुवर्षे थरावर थर चढून रस्ता इतका वर आला होता की परस त्याच्यापेक्षा दोन फूट खाली गेले होते. आजींनी फरशी उखडू दिली असती तरी पाणी उलटेच आले असते.

त्या घरांच्या मागे पाच फुटांची बोळ होती. सगळ्यांचे संडास त्या बोळीकडे. गटार तिथूनच जायला हवी होती. आखणी करताना ती बोळ वगळली होती, कारण तिथे जेसीबी जात नाही. दोन वर्षांनी तिथे हाताने खोदून १५० मिमीचा पाइप आणि लहान चेंबर बसवले. मीटरमागे खर्च जास्त आला, पण त्या गल्लीतली बहुतेक घरे महिन्याभरात जोडली गेली. हे आधी करता आले असते. त्यासाठी कोणीतरी सकाळी सहा वाजता गल्लीत फिरायला हवे होते.

म्हणून माझी सवय अशी. अहवाल लिहायला घेण्याआधी प्रत्येक पेठेतली एक गल्ली मी स्वतः फिरतो. घरागणिक चारच गोष्टी लिहितो : संडास कुठल्या बाजूला, सेप्टिक टाकीचा ओव्हरफ्लो कुठे सोडलाय, परसाची पातळी रस्त्यापेक्षा वर की खाली, आणि मधे काय आहे. बाकीच्या गल्ल्या तरुण अभियंत्यांकडून करून घेतो. “सर, उपग्रहाच्या चित्रावरून होतंय की” असे म्हणणाऱ्याला मी पुन्हा पाठवतो. उपग्रहाला परसातला संडास दिसत नाही.

दुसरे म्हणजे, संडासापासून चेंबरपर्यंतची जोडणी मूळ निविदेतच घ्या आणि तिचे पैसे अंदाजपत्रकात धरा. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला ‘स्वखर्चाने करा’ सांगणे म्हणजे करू नका असे सांगणे आहे. जोडताना जुनी सेप्टिक टाकी वगळून थेट जोडा, टाकी उपसून मुरमाने भरून घ्या. ठेकेदाराने जोडणी झाली म्हटले की मी संडासात बादलीभर रंगाचे पाणी ओततो आणि पुढच्या चेंबरचे झाकण काढून बसतो. रंग आला तर सही. नाही आला तर ते बिल पुढे जात नाही.

ही एकट्यादुकट्या गावाची गोष्ट नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचे सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर दिले आहे. बसवलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष वापरात सुमारे २०,२०० दशलक्ष लिटर. क्षमता मुळात निम्मीही नाही, आणि जी आहे तिचाही तिसरा हिस्सा पडून.

वरच्या टोकापासून पाइप टाकणे

गटार खालून वर बांधतात. आधी केंद्राची जागा, मग तिथे येणारी मुख्य वाहिनी, मग उपवाहिन्या आणि शेवटी गल्ल्या. होते नेमके उलटे. गल्लीतले काम उथळ, सोपे, मोजायला सोपे. मोजमाप पुस्तकात मीटर वाढतात, बिल निघते, नगरसेवकालाही वॉर्डात काम दिसते. नदीकाठची सहा मीटर खोल खोदाई कोणालाच आधी नको असते.

एका ठिकाणी २२ किलोमीटर पाइप जमिनीत गेले होते आणि केंद्राची जागा अजून कागदावर होती. ती गायरान जमीन. सातबारा पाहून सगळे निश्चिंत होते, मोजणी कोणी केली नव्हती. मोजणीला गेल्यावर अतिक्रमण निघाले, शेजारच्या वस्तीने वासाच्या भीतीने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेले. चार वर्षे ते पाइप कोरडे पडून राहिले. चेंबरमध्ये माती, दगड, प्लास्टिक साचले, काही झाकणे चोरीला गेली. जागा मिळाली तेव्हा ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपून गेला होता, आणि साफसफाईचा खर्च नगर परिषदेवर आला.

मोजणीचा नकाशा आणि ताबापावती (जागेचा ताबा मिळाल्याचा कागद) हातात आल्याशिवाय निविदा काढू नका. शेजारच्या वस्तीला चालू असलेले एखादे चांगले केंद्र दाखवायला घेऊन जा. एक एसटी भाड्याने घेतली की काम होते. मी हे तीनदा केले आहे. तिन्ही वेळा हरकती कमी झाल्या, कारण लोकांनी वास स्वतः घेऊन पाहिला.

उताराबद्दल इथेच सांगतो. १५० मिमीच्या पाइपला १०० मीटरमागे साधारण ६० सेंटिमीटर उतार लागतो. पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की मैला तळाशी बसायला लागतो. सपाट गावात किलोमीटरभर गेलात की पाइप सहा मीटर खाली जातो. ‘थोडा उतार कमी करू, खोदाई वाचेल’ हा मोह मी चांगल्या चांगल्या अभियंत्यांना झालेला पाहिला आहे. वाचवलेली खोदाई पुढची तीस वर्षे तुंबण्याच्या रूपाने परत येते. पाइप झाकण्याआधी प्रत्येक दोन चेंबरमध्ये लेव्हल (पातळी मोजायचे यंत्र) लावून उतार तपासा. ठेकेदार घाई करत असेल तर दोनदा तपासा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

आधी काँक्रीट रस्ता आणि मग गटार, हा क्रम अजूनही चालू आहे. निधी वेगळ्या खात्यातून आला म्हणून रस्ता आधी होतो. सर्वसाधारण सभेत ठराव करा : भुयारी गटारीच्या आराखड्यातल्या रस्त्यावर आधी पाइप आणि घरजोडणीचे तुकडे, मगच काँक्रीट.

आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावाने भुयारी गटार मागू नये. बादलीने जपून वापरलेल्या पाण्याने मैला वाहून जात नाही. आधी पाणी, तोवर सेप्टिक टाक्यांचा ठरावीक मुदतीने उपसा. वाई आणि सिन्नर या नगर परिषदांनी असा वेळापत्रकाने उपसा करून दाखवला आहे, तो जाऊन पाहा. लहान गावाला यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

गच्चीच्या पन्हाळी गटारीला जोडू देऊ नका. पहिल्या मोठ्या पावसात झाकणे उडतात आणि केंद्रातले जिवाणू धुऊन जातात. मी जूनच्या पहिल्या पावसात पंपगृहावर जाऊन आवक मोजतो. एकदम तिप्पट झाली की पेठेपेठेत शोध सुरू.

मोठ्या शहरातले तंत्रज्ञान पाहून भारावू नका. जागा आहे आणि वीज महाग आहे, तर साधी स्थिरीकरण तळी चांगली, म्हणजे सांडपाणी साठवून ते आपोआप शुद्ध होऊ देणारी उथळ तळी. पाणी गाळणारे पडदे (मेंब्रेन), सेन्सर, स्वयंचलित झडपा दुरुस्त करणारा माणूस तुमच्या तालुक्यात आहे का, हे आधी विचारा.

पैशाच्या चुका

पहिली चूक योजना चुकीची निवडण्याची. अमृत २.० आणि स्वच्छ भारत अभियान नागरी २.० या केंद्र सरकारच्या दोन्ही योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाल्या आणि तेव्हापासून गोंधळ आहे. अमृत २.० मध्ये पाणीपुरवठा सगळ्या शहरांसाठी आहे, पण मलनिःसारणाचा भर आधीच्या अमृतमधल्या ५०० शहरांवर. एक लाखाच्या आतल्या गावांच्या सांडपाण्याची सोय स्वच्छ भारतमध्ये ठेवली, आणि तीही मुख्यतः नाले अडवून वळवण्यासाठी, शुद्धीकरण केंद्रासाठी आणि उपसा गाड्यांसाठी. गल्लोगल्लीच्या जाळ्याचे पैसे त्यात शोधत बसलात तर वर्ष जाते. जाळ्यासाठी राज्याच्या नगरोत्थान अभियानाकडे बघा, आणि नाला अडवण्यापासून टप्प्याटप्प्याने सुरुवात करा. नाला वळवला की नदी वाचते, पण त्या नाल्याकाठची वस्ती घाणीतच राहते. तेव्हा तो पहिला टप्पा आहे हे लोकांना स्पष्ट सांगा.

दुसरी चूक स्वतःच्या हिश्शाची. २००५ सालच्या लहान व मध्यम शहरांच्या योजनेत केंद्र सरकार ८०, राज्य १०, पालिका १० टक्के अशी वाटणी होती. अनेक पालिकांना ते १० टक्केच जड गेले. पैसे अडकले की काम रेंगाळते, दरसूची (कामांचे सरकारी दर) बदलते, फरक अनुदानात बसत नाही, आणि तो फरक १० टक्क्यांपेक्षा मोठा होतो. हिश्शाची रक्कम वेगळ्या खात्यात पडल्याशिवाय कार्यादेश देऊ नका.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त छळते : विजेचे बिल. तेच ५४ लाख लिटर पाणी २० मीटर उचलायचे, पंप आणि मोटारीची मिळून कार्यक्षमता निम्मी धरली, तर रोज सुमारे ६०० युनिट लागतात. महिन्याला १८ हजार. हवा देणाऱ्या ब्लोअरची वीज याच्या वर वेगळी. आपल्या बिलावरचा दर घ्या आणि गुणाकार करून तो आकडा सभेपुढे ठेवा, योजना मंजूर करण्याआधी. मलनिःसारण कर किती लावावा लागेल हे त्याच दिवशी ठरते. कर नको आणि योजना हवी, असे म्हणणाऱ्या सभागृहात मी उभे राहून सांगितले आहे की मग पंप तिसऱ्या महिन्यात बंद पडतील. एका ठिकाणी दुसऱ्याच महिन्यात पडले.

चेंबरमध्ये माणूस उतरवणे

ही चूक नाही, गुन्हा आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारीत माणूस उतरवणे बंद केले आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारीतल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरीही लहान गावांच्या अंदाजपत्रकात जेटिंग मशीन (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गटार मोकळी करणारे) आणि सक्शन गाडी (मैला ओढून घेणारी) नसते, कारण ‘गटार तर नवीन आहे’. नवीन गटार पहिल्याच वर्षी तुंबते : सिमेंटची पोती, विटांचे तुकडे, साड्यांच्या चिंध्या. विषारी वायू असलेले चेंबर आणि साधे चेंबर वरून सारखेच दिसते.

दोन्ही यंत्रे मूळ प्रकल्पातच घ्या. गल्लीच्या बोळीत शिरेल अशी छोटी गाडी घ्या, मोठी गाडी बाहेरच्या रस्त्यावर उभी राहते आणि आत पुन्हा माणूसच जातो. चेंबरमधले अंतर ३० मीटरपेक्षा जास्त ठेवू नका. निविदेच्या अटींत स्वतंत्र कलम घाला : चाचणीच्या काळातही ठेकेदार कोणाला आत उतरवणार नाही, उतरवल्यास काम थांबेल. पंपगृहात आत शिरताच समोर दिसेल अशा भिंतीवर यंत्राच्या चालकाचा फोन नंबर रंगवून घ्या. रात्री दोन वाजता गटार तुंबल्यावर मुकादमाला फाइल सापडत नाही, भिंत सापडते.