उकल एक, अनंत की एकही नाही? सोडवण्याआधीच ओळखा

एकसामयिक समीकरणे सोडवायला घेण्याआधी छोटी तपासणी केली, तर पानभर आकडेमोड वाचू शकते. दोन चलांतले प्रत्येक समीकरण म्हणजे आलेखावरची एक सरळ रेषा, म्हणून शक्यता तीनच. रेषा छेदल्या तर एकमेव उकल, एकमेकींवर पडल्या तर अनंत, समांतर राहिल्या तर एकही नाही. दोन उकली कधीच नसतात, कारण दोन ठिकाणी भेटणाऱ्या सरळ रेषा एकच असतात.

उदाहरण: ४क्ष = ६य + १० आणि ६क्ष − ९य = १५.

१. मांडणी. चले डावीकडे एकाच क्रमाने, स्थिरपद उजवीकडे. पहिले समीकरण ४क्ष − ६य = १० होते. चिन्हे इथेच चुकतात.

२. मुख्य निश्चयक. सहगुणकांचा तिरका गुणाकार करून वजा करा: ४ × (−९) − (−६) × ६ = −३६ + ३६ = ०. शून्य आले नसते, तर एकमेव उकल म्हणून इथेच थांबलो असतो.

३. शून्य आल्यास स्थिरपदे घ्या. दहावीच्या क्रेमर पद्धतीप्रमाणे क्ष चा स्तंभ झाकून तिथे १० आणि १५ ठेवा: १० × (−९) − (−६) × १५ = ०. हेही शून्य. य चा स्तंभ झाकूनही ४ × १५ − १० × ६ = ०, म्हणून उकली अनंत. १५ च्या जागी १६ असते, तर −९० + ९६ = ६ आले असते आणि उकल एकही नसती.

अनंत म्हणजे कोणतीही जोडी नव्हे. (१, −१) चालते, (०, ०) चालत नाही.

गुणोत्तरांची तुलनाही हेच सांगते, पण एखादा सहगुणक शून्य असला की छेदात शून्य येऊन गाडी अडते. तिरक्या गुणाकारात ती अडचण नाही. १/३ ऐवजी ०.३३ मात्र लिहू नका. समांतर रेषाही मग कुठेतरी छेदतात!

तीन चलांत खरा सापळा आहे. क्ष + य + झ = १, क्ष + य + झ = २, क्ष + य + झ = ३ घ्या. चारही निश्चयक (मुख्य आणि एकेक स्तंभ झाकून मिळणारे तीन) शून्य, तरी उकल नाही. म्हणून तिथे मुख्य निश्चयक शून्य आला, की निश्चयक सोडून लोप पद्धत धरावी, म्हणजे समीकरणे एकमेकांतून वजा करून एकेक चल घालवावे. पहिले समीकरण दुसऱ्यातून वजा केले की ० = १ उरते, म्हणजे उकल नाही. असा विसंगत निष्कर्ष कुठेच न येता ० = ० उरले, तर उकली अनंत.