किक स्कूटरचा फोर्क बदलताना
विदर्भातील गावांत गिट्टीच्या रस्त्यांवर किक स्कूटर (पायाने ढकलत चालवायची स्कूटर) चालवताना पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याला, बराच मार बसतो. त्याला भेग पडली असल्यास पुन्हा वेल्डिंग करून मुलाच्या हाती देऊ नये, मजबूत नवा फोर्कच बसवावा. त्याआधी जुन्या फोर्कची वर हँडलकडे जाणारी दांडी व्हर्निअर कॅलिपरने (जाडी मोजण्याच्या साधनाने) अवश्य मोजावी, कारण कसरतींसाठीच्या स्टंट स्कूटरच्या अनेक फोर्कची दांडी २८.६ मिलिमीटर जाडीची आणि बिनआट्याची असते, व आट्याच्या दांडीसाठीचा हेडसेट (दांडी फिरवणाऱ्या बेअरिंगचा संच) तिला चालत नाही. नवा फोर्क चाकाच्या व्यासालाही जुळावा. बसवताना आधी कॉम्प्रेशन बोल्टने (बेअरिंग दाबून बसवणाऱ्या बोल्टने) बेअरिंगमधील ढिलेपणा काढावा आणि मगच हँडल दांडीला पकडणारा क्लॅम्प घट्ट आवळावा. हँडल मोकळे फिरावे, परंतु पुढचे चाक हलके आपटल्यास खडखडू नये.